देवळाली कॅम्प : बिनतारी संचापासून वाय-फायपर्यंत

देवळाली कॅम्पला बिनतारी संपर्काची ओळख लष्करामुळे झाली. ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकात वसवलेल्या या छावणीत आज भारतीय सैन्याचे स्कूल ऑफ आर्टिलरी आहे. दूरवर मारा करणाऱ्या तोफेवरील जवानांना लक्ष्य दिसत नाही. पुढे बसलेला निरीक्षक गोळा कुठे पडला ते पाहून बिनतारी संचावरून दुरुस्ती कळवतो, म्हणून संपर्क तुटला की तोफ आंधळी होते. अशा संचाचा दोष शोधताना वीजपुरवठा, एरियल, फ्रिक्वेन्सी आणि सांकेतिक खूण या चार गोष्टी पाहाव्या लागतात. घरातल्या जुन्या लॅपटॉपचे वाय-फाय बंद पडले, तरी तपासणी मुख्यतः याच चार ठिकाणी करायची असते.

सामान्य नागरिकाला मात्र बिनतारी यंत्र सहजासहजी बाळगता येत नव्हते. १९३३ च्या कायद्याने त्यासाठी परवाना आवश्यक केला. घरच्या रेडिओचा परवानासुद्धा टपाल कार्यालयातून काढावा लागे. ही पद्धत १९८० च्या दशकात संपली. वाय-फायचे पहिले मानक १९९७ साली ठरले आणि मार्च २००३ मध्ये इंटेलच्या सेंट्रिनो संचामुळे वाय-फाय लॅपटॉपमध्ये सर्रास बसू लागले. भारत सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला तो जानेवारी २००५ मध्ये. ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये खुला झाला.

जुन्या लॅपटॉपचे बरेचसे दोष या तारखांशी जोडलेले आहेत. त्या काळच्या अनेक लॅपटॉपना फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळते. नवा राउटर केवळ ५ गिगाहर्ट्झवर चालू असेल, तर त्याचे नाव यादीत दिसतच नाही. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेल्या लॅपटॉपची अडचण आणखी वेगळी असते. तिथली यंत्रे बहुधा १ ते ११ एवढेच चॅनेल पाहतात, तर भारतात १३ पर्यंत चॅनेल वापरता येतात. राउटर १ ते ११ मधल्या चॅनेलवर आणला की हा दोष जातो.

सांकेतिक खुणेचे काम वाय-फायमध्ये पासवर्ड करतो आणि त्याचे दोषही असेच तारखांशी जोडलेले आहेत. डब्ल्यूईपी ही पहिली सुरक्षापद्धत २००१ साली फोडली गेली. तिच्या जागी २००३ मध्ये डब्ल्यूपीए आणि २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आली. महाराष्ट्राला खुल्या वाय-फायच्या धोक्याचे गांभीर्य जुलै २००८ मध्ये कळले. अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांआधीचा धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका घरातील खुल्या वाय-फायवरून गेल्याचे तपासात निघाले. त्यानंतर पासवर्ड लावण्यावर भर दिला जाऊ लागला. विंडोज एक्सपीला मात्र डब्ल्यूपीए-२ साठी स्वतंत्र अपडेट किंवा २००८ चा सर्व्हिस पॅक ३ लागतो. त्याशिवाय पासवर्ड बरोबर असूनही जोडणी होत नाही. राउटर फक्त डब्ल्यूपीए-३ वर ठेवला असेल, तर तो डब्ल्यूपीए-२ व ३ अशा मिश्र पद्धतीवर आणावा.

एरियलचा दोष चटकन लक्षात येत नाही. लॅपटॉपचे एरियल पडद्याच्या कडेला असते आणि त्याच्या तारा बिजागरीतून खाली उतरतात. वर्षानुवर्षांच्या उघडझाकीने तार तुटली, की राउटरजवळच काय ती रेंज मिळते. छावणीतल्या जुन्या बंगल्यांसारख्या जाड भिंतींच्या घरात रेंज अशीही कमी पडते, म्हणून निदान करण्यापूर्वी लॅपटॉप राउटरच्या खोलीत आणून पाहावा.

तपासणीचा क्रम असा ठेवावा. आधी लॅपटॉपच्या कडेचे किंवा कळफलकावरचे वाय-फायचे बटण चालू आहे का ते पाहावे. मग ड्रायव्हर (वाय-फाय कार्ड चालवणारी आज्ञावली), पट्टा व चॅनेल, सुरक्षापद्धत आणि शेवटी एरियल तपासावे. जोडणी होऊनही संकेतस्थळे उघडत नसतील, तर लॅपटॉपमधली तारीख पाहावी. आतली छोटी बॅटरी संपली की घड्याळ अनेक वर्षे मागे जाते आणि ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळांची जोडणी नाकारतो. वाय-फाय कार्डच निकामी झाले असेल, तर त्या लॅपटॉपवर चालणारा यूएसबी वाय-फाय अडॅप्टर पुरेसा होतो. एक्सपीला मायक्रोसॉफ्टची सुरक्षा अपडेट्स देणारा नियमित आधार मात्र ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. त्यामुळे वाय-फाय पूर्ववत चालू झाले, तरी अशा लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार करू नयेत.