एका तोंडवळ्याचे शब्द



या स्मरणिकेत सहलींबद्दल, गॅदरिंगबद्दल, शाळेच्या पटांगणाबद्दल पुष्कळजण लिहितील. मी आपल्या सगळ्यांच्या मानगुटीवर बसलेल्या एका विषयाचा इतिहास लिहितो आहे. तो विषय म्हणजे इंग्रजी स्पेलिंग, आणि त्यातही सुरुवातीची अक्षरं सारखी आणि अक्षरांची संख्याही सारखी असलेले शब्द. 'क्यू यू आय ई टी क्वायट, क्वायट म्हणजे शांत. क्यू यू आय टी ई क्वाइट, क्वाइट म्हणजे अगदी.' पाचवीपासून दहावीपर्यंत हे पाठांतर चाललं, तरी परीक्षेत 'शांत' आणि 'अगदी' यांची अदलाबदल व्हायचीच.

खरं तर इंग्रजी शब्द शहापूर-मुरबाडला नवे नव्हते. १८५५ मध्ये रेल्वे वाशिंदला आली, १८६० मध्ये आसनगावला आणि १८६१ मध्ये कसाऱ्याला. रुळांबरोबर शब्द आले. आपल्या आजी-आजोबांनी त्यांचे ठेसन, फलाट, शिंगल करून टाकले. मुरबाडकडे रूळ गेले नाहीत, पण एसटीबरोबर स्टँड, डेपो, कंडक्टर तिथेही रुजले. हे शब्द कानाने आले होते. त्यांचं स्पेलिंग कुणी विचारलं नाही, म्हणून ते कुणाला अवघडही गेले नाहीत.

आपली पिढी इंग्रजी शिकली ती मात्र डोळ्यांनी. फळ्यावर शब्द, बाजूला अर्थ, आणि रोज दहा शब्द पाठ. ही रीत आपल्या गुरुजींनी शोधलेली नाही. इंग्लंडमध्ये थॉमस डिलवर्थ या शिक्षकाचं १७४० सालचं पुस्तक होतं. त्यात आधी दोन अक्षरी शब्द, मग तीन अक्षरी, मग चार अक्षरी, असे तक्ते दिले होते. अमेरिकेत नोआ वेब्स्टरने १७८३ मध्ये स्पेलिंगचं पुस्तक काढलं, तेही तक्त्यांचंच. म्हणजे ज्यांची ती मातृभाषा, त्यांची मुलंसुद्धा घोकतच शिकत होती.

का घोकावं लागत होतं? कारण इंग्रजी शब्दांचे उच्चार बदलत गेले आणि अक्षरं जागच्या जागी राहिली. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना आणला. छापील अक्षरं हळूहळू पक्की होत गेली, आणि त्याच काळात लोकांची बोली पालटत होती.

'के-एन'ने सुरू होणारे पाच अक्षरी शब्द घ्या : नाइफ, नॉक, नोन. त्यातला 'के' आपल्याला उगाच वाटायचा. पण साधारण सतराव्या शतकापर्यंत इंग्रज तो 'क' म्हणत असत. जर्मन माणूस गुडघ्याला आजही 'क्नी' म्हणतो.

'डब्ल्यू-एच'चे पाच अक्षरी शब्द बघा : व्हेअर, व्हिच, व्हाइल, व्हाइट. जुन्या इंग्रजीत यात 'एच' आधी होता आणि 'डब्ल्यू' नंतर. नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी ही जोडी उलटी केली. 'होल', म्हणजे संपूर्ण, या शब्दात तर 'डब्ल्यू' मुळात नव्हताच. तो मागाहून चिकटला.

'देअर' म्हणजे तिथे आणि 'देअर' म्हणजे त्यांचा. दोन्ही 'टी एच ई'ने सुरू होतात, दोन्ही पाच अक्षरी आणि उच्चारही एकच. पहिला शब्द अस्सल इंग्रजी, दुसरा स्कँडिनेव्हियातून आलेल्या वसाहतकऱ्यांचा. आणि 'क्वायट' आणि 'क्वाइट' ही तर सख्खी भावंडं. दोघांचं मूळ एकाच लॅटिन शब्दात आहे, आणि त्याचा अर्थ शांत, विसावलेला. भावंडांची अदलाबदल होणारच.

आपली मराठीही या बाबतीत अगदी निर्दोष नाही. 'चहा' आणि 'चव' यांतला 'च' एकच लिहितो, बोलतो वेगळा. घरी 'पानी' म्हणणारी मुलं वहीत 'पाणी' लिहीत होती. पण मराठीने एक केलं. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. वडिलांच्या जुन्या पत्रांत 'कांहीं', 'पांच', 'नांव' दिसतं, ते आपल्याला 'काही', 'पाच', 'नाव' असं शिकवलं गेलं. त्यात माणसाचं नाव आणि पाण्यातली नाव एकसारखी झाली, एवढी किंमत मोजावी लागली. इंग्रजीने असा सरसकट पाडाव कधी केला नाही. त्यामुळे बाराखडी आली की मराठीतला नवा शब्द वाचता येतो. इंग्रजीत एबीसीडी आली तरी तशी किल्ली हाती लागत नाही.

हे सगळं लिहिण्याचं कारण वेगळं आहे. दहावीचा निकाल आठवा. बाकी सगळे विषय सुटले आणि इंग्रजी राहिलं, अशी मुलं-मुली प्रत्येक बॅचला असत. काहीजण ऑक्टोबरला पुन्हा बसले. काहींनी पुस्तकं बांधून ठेवली ती कायमचीच. शेतीची सगळी कामं बिनचूक करणारी, गणितात पुढे असणारी ही माणसं आजही लग्नकार्यात भेटली की म्हणतात, 'आपल्याला डोकंच नव्हतं.' डोकं होतं. हजार वर्षांत साचलेला गुंता आपण दिवसाला दहा शब्द या हिशेबाने सोडवत होतो, तोही घरी इंग्रजीचा एक शब्द कानावर पडत नसताना.

२००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. आता आपली नातवंडं कानानेही ती भाषा शिकतात. तरी 'क्वायट' आणि 'क्वाइट' त्यांनाही अडवतात. तेव्हा वही पुढे घेऊन दहा वेळा लिहायला जरूर सांगा, पण आधी त्या दोन भावंडांची गोष्ट सांगा. आणि मेळाव्याला तो ऑक्टोबरवाला मित्र भेटला, तर त्यालाही सांगा.