शार्दँच्या तांब्याच्या टाकीसमोर

1728 सालचं पॅरिस. कॉर्पस ख्रिस्तीच्या सणाची सकाळ. तुम्ही प्लास दोफिनच्या गर्दीत उभे आहात. मिरवणुकीसाठी घरांवरून गालिचे सोडलेत आणि त्यांच्यावरच तरुण चित्रकारांनी आपली कामं टांगली आहेत. एका मोठ्या कॅनव्हासपाशी तुमचे पाय थबकतात. आकड्याला लटकलेला, पोट फाडलेला पाकट. खाली कालवं, त्यांच्यावर पाठ उंचावून अंग फुलवलेलं मांजर. टेबलाच्या कडेबाहेर आलेली सुरीची मूठ तर इतकी पुढे, की तुमचा हात आपसूक तिकडे जातो.

चित्रकार आहे जाँ-सिमेओं शार्दँ, वय 28. वडील सुतार, बिलियर्डची टेबलं बनवणारे.

सप्टेंबरात त्याच्याबरोबर राजाश्रयाच्या चित्रकला अकादमीत चला. इथली उतरंड ठरलेली आहे: सगळ्यांत वर इतिहास-पुराणांतले प्रसंग, सगळ्यांत खाली फळं, भांडी, शिकार करून आणलेले प्राणी. शार्दँचा मित्र कोशँ पुढे लिहून ठेवतो त्याप्रमाणे, शार्दँ आपली चित्रं पहिल्याच दालनात ठेवून बाजूला होतो. बुजुर्ग चित्रकार लार्जिलिएर येतात आणि ही कुणा फ्लेमिश उस्तादाची समजून तोंडभर वाखाणतात. 25 सप्टेंबरला अर्ज मंजूर होतो आणि त्याच दिवशी सभासदत्वही मिळतं. शिक्का मात्र खालच्या पायरीचाच बसतो: प्राणी आणि फळं रंगवणारा.

आता 1734च्या सुमारास त्याच्या खोलीत या. समोर पाणी साठवायची तांब्याची टाकी, खाली तोटी, शेजारी बादली. ज्यावर ती रंगवायची ती लाकडाची फळी जेमतेम वीतभर रुंद, सव्वा वीत उंच. घाई करू नका, इथे काम सावकाश चालतं. आठवणीवरून रंगवणं शार्दँला मानवत नाही. शेवटचा हात फिरेपर्यंत वस्तू डोळ्यांपुढे हवी. पूर्वी ससा रंगवायला घेतला, तेव्हा केस न् केस उतरवायला गेलो तर चित्र कोरडं पडेल हे त्यानं ओळखलं. म्हणून ससा मुद्दाम लांब ठेवला, बारकावे दिसेनासे होईपर्यंत, आणि आधी त्याचा एकंदर आकार, रंग, उजेड-सावली पकडली. तेच आता तांब्याचं. पॅलेटवर तुम्ही चकाकता तांबडा शोधाल. तो करडा, तपकिरी, मळकट गुलाबी घोळवत बसलाय. थरावर थर चढतात. मग अंधाऱ्या रंगांत एकच उजळ फटकारा बसतो आणि टाकीला वजन येतं, गोलाई येते. ती आता भरलेली वाटते.

1763. लूव्हरचं सालोन प्रदर्शन. चित्रं कुठे, कोणाशेजारी टांगायची हे ठरवणारा आता शार्दँच आहे. त्याच्या ऑलिव्हच्या बरणीच्या चित्राजवळ जा: सगळं विस्कटतं, उरतात नुसते रंगाचे गोळे. चार पावलं मागे या: काच, फळं, बिस्किटं पुन्हा जागच्या जागी. या किमयेवर लेखक आणि कलासमीक्षक दिदरो भरभरून लिहिणार आहे.

1775. डोळे अधू झालेत. तैलरंग बाजूला ठेवून वृद्ध शार्दँनं पेस्टलचे खडू हाती घेतलेत. कपाळावर उजेड अडवणारी झापड, नाकावर चष्मा. आता रंगवायची वस्तू म्हणजे आरशातला स्वतःचाच चेहरा. तोही तो टाकीसारखाच पाहतो: न सजवता, न लपवता. 1779च्या डिसेंबरात तो जातो.

परतीच्या वाटेवर 1890च्या दशकातल्या लूव्हरमध्ये डोकावा. आँरी मातिस नावाचा तरुण त्याच पाकटाच्या चित्रासमोर ईझल लावून त्याची नक्कल करतोय. अकादमीनं ज्यांना डोक्यावर घेतलं, त्या इतिहासचित्रकारांतली कितीतरी नावं तोवर विस्मरणात गेलीत. शार्दँनं दालनं भरणारी युद्धं रंगवली नाहीत. त्यानं स्वयंपाकघरातल्या भांड्याला तोच वेळ, तीच निष्ठा दिली, जी इतर लोक देवादिकांसाठी राखून ठेवत. विषयाचं मोठेपण उसनं घेता येतं. पाहण्याचं मोठेपण आयुष्य घालून कमवावं लागतं, आणि शार्दँनं ते कमावलं.