वाऱ्याकडून पाण्याकडे

मानवतच्या गॅरेजांत मी लहानपणी पाहिलेल्या मोटारसायकलींना पाणी लागतच नव्हतं. राजदूत असो की कावासाकी-बजाज, सिलिंडरवरच्या पातळ फिन इंजिनाची धग वाऱ्यावर सोडत. गाडीखाली डाग दिसला तर तो ऑइलचा किंवा पेट्रोलचा. मिस्त्रीला तिसरा संशय नसे.

२००८ मध्ये यामाहाची आर१५ आली. २०१२ मध्ये चाकणला बनलेली केटीएम ड्यूक २०० आणि बजाजची पल्सर २००एनएस आली. लहान इंजिनातून जास्त ताकद काढायची तर नुसता वारा पुरत नाही. म्हणून रेडिएटर, वॉटर पंप, कूलंट आलं. आणि त्यामागून गळतीही.

परवा माझ्या गाडीखाली हिरवा थेंब दिसला. मिस्त्रीने आधी इंजिन थंड होऊ दिलं. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं कूलंट अंगावर उडतं. होजचे क्लॅम्प कोरडे होते. पंपाखाली मुद्दाम ठेवलेलं बारीक भोक असतं. आतलं सील झिजलं की कूलंट तिथून बाहेर पडतं. थेंब तिथलाच होता. ऑइल दुधाळ झालं नव्हतं, म्हणजे कूलंट त्यात मिसळलेलं नव्हतं. सील बदललं, कूलंट भरलं, आतली हवा काढली.

बोअरचं पाणी चालत नाही; त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत साचतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा उन्हात इंजिन जाम झालं, तर सीलच्या कितीतरी पट खर्च येतो. कूलंटची पातळी पुन्हा पुन्हा उतरत असेल, तर नुसतं भरत राहू नका, गळती शोधा.