ब्रुक ट्राउटच्या सरोवरातील मासेमारीची आमिषे

सरोवरातील ब्रुक ट्राउट गळाने पकडण्यासाठी नैसर्गिक आमिषे, धातूची अथवा प्लास्टिकची कृत्रिम आमिषे आणि पिसे, लोकर व केस गळावर बांधून तयार केलेल्या कृत्रिम माश्या वापरल्या जातात. त्यांची निवड पाण्याचे तापमान, ऋतू, पाण्याचा रंग, माशाचे तेथील खाद्य आणि स्थानिक कायदा या गोष्टींवर अवलंबून असते. ब्रुक ट्राउट (शास्त्रीय नाव: साल्वेलिनस फॉन्टिनॅलिस) ही पूर्व उत्तर अमेरिकेतील मूळ प्रजाती आहे. नावात ट्राउट असले तरी वर्गीकरणानुसार हा मासा चार या गटात मोडतो. 'फॉन्टिनॅलिस' या लॅटिन शब्दाचा अर्थ 'झऱ्यांचा' असा आहे.

अधिवास आणि वर्तन

ब्रुक ट्राउटला थंड, स्वच्छ व प्राणवायूने समृद्ध पाणी लागते. साधारण १० ते १६ अंश सेल्सियस तापमानात तो सर्वाधिक सक्रिय असतो. २० अंशांच्या वर त्याच्यावर ताण येतो आणि २५ अंशांच्या आसपासचे पाणी त्याच्यासाठी प्राणघातक ठरते. त्यामुळे आमिष कोणते, या प्रश्नाआधी मासा कोणत्या खोलीवर असेल, हा प्रश्न सोडवावा लागतो.

वसंतात बर्फ वितळल्यानंतर सरोवराचे पाणी वरपासून तळापर्यंत जवळपास सारख्याच तापमानाचे असते. या काळात मासे किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, ओढ्यांच्या मुखाशी आणि बुडालेल्या ओंडक्यांजवळ खाद्य शोधतात. उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. वरचा थर तापल्यावर मासे खालच्या थंड थराच्या सीमेवर किंवा तळातून झरे फुटतात अशा जागी जमतात. शरद ऋतूत ते विणीसाठी, विशेषतः भूजल वर येणाऱ्या गोट्या-वाळूच्या तळावर, पुन्हा उथळ पाण्यात येतात. या काळात अनेक ठिकाणी मासेमारी बंद असते.

नैसर्गिक आमिषे

गांडूळ हे सर्वांत जुने आणि सर्वाधिक वापरले जाणारे आमिष आहे. लहान गळावर गांडूळ सैल टोचून त्याची टोके हलती ठेवतात. तळाजवळ मासेमारी करताना दोऱ्याला छोटे वजन लावतात. ठरावीक खोलीसाठी तरंगता बोळा वापरतात. जळवा तसेच चतुर व मेफ्लाय यांच्या अळ्या हीदेखील परिणामकारक आमिषे आहेत, कारण सरोवरातील ब्रुक ट्राउटच्या आहारात त्यांचा मोठा वाटा असतो.

नैसर्गिक आमिषाचा मुख्य दोष असा की मासा ते गिळतो आणि गळ घशात किंवा पोटात रुततो. असा मासा सोडून दिला तरी तो मरण्याची शक्यता ओठात गळ अडकलेल्या माशापेक्षा बरीच जास्त असते. खोल रुतलेला गळ ओढून काढण्यापेक्षा तोंडाजवळ दोरा कापणे माशाच्या दृष्टीने अधिक सुरक्षित ठरते.

चकत्या आणि फिरक्या

चमच्याच्या आकाराची धातूची चकती पाण्यात डोलत जाते आणि जखमी लहान माशाचा आभास निर्माण करते. अमेरिकेत ज्युलिओ ब्युएल यांनी १८५२ मध्ये अशा आमिषाचे पेटंट घेतले. फिरकीमध्ये तारेभोवती पाते फिरते. त्याची चमक आणि पाण्यातील कंप या दोन्हींनी मासा आकर्षित होतो. ब्रुक ट्राउटसाठी साधारण ३ ते ६ सेंटिमीटर लांबीच्या हलक्या चकत्या आणि लहान आकाराच्या फिरक्या पुरेशा असतात.

रंगाची निवड पाण्यावरून केली जाते. स्वच्छ पाण्यात आणि उजेडात चंदेरी रंग लहान माशांच्या खवल्यांशी जुळतो. उत्तरेकडील अनेक सरोवरांचे पाणी कुजलेल्या वनस्पतींमुळे चहासारखे तपकिरी असते. अशा पाण्यात निळा प्रकाश लवकर शोषला जातो, म्हणून सोनेरी, तांबूस व नारिंगी रंग अधिक उठून दिसतात. याउलट स्वच्छ पाण्यात खोलवर लाल रंग प्रथम नाहीसा होतो आणि तेथे लाल आमिष काळसर दिसते.

उन्हाळ्यात होडीमागे आमिष संथपणे ओढत नेण्याची पद्धत प्रचलित आहे. न्यू यॉर्क राज्यातील ॲडिराँडॅक भागात मोठी चमकती चकती आणि तिच्यामागे आखूड दोऱ्यावर गांडूळ किंवा माशी अशी जोडणी करतात. येथे चकतीचे काम लक्ष वेधण्याचे असते. मासा मागच्या आमिषावर येतो.

कृत्रिम माश्या

कृत्रिम माश्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पृष्ठभागावर तरंगणाऱ्या माश्या पाण्यावर उतरलेल्या मेफ्लाय व कॅडिस कीटकांचे किंवा वाऱ्याने पडलेल्या मुंग्यांचे अनुकरण करतात. मासे पृष्ठभागावर वर्तुळे उमटवत असतील तेव्हा, विशेषतः संध्याकाळी, त्या उपयोगी पडतात. अळीसदृश माश्या पाण्याखाली अत्यंत हळू ओढल्या जातात. तिसरा प्रकार लहान मासे व जळवा यांच्यासारख्या दिसणाऱ्या लांबट माश्यांचा असून त्याला 'स्ट्रीमर' म्हणतात.

स्ट्रीमरच्या इतिहासात ब्रुक ट्राउटला विशेष स्थान आहे. मेन राज्यातील अप्पर डॅम येथे कॅरी स्टीव्हन्स यांनी १ जुलै १९२४ रोजी स्वतः बांधलेल्या माशीवर ६ पौंड १३ औंस वजनाचा ब्रुक ट्राउट पकडला. स्मेल्ट या लहान माशाचे अनुकरण करणारी त्यांची 'ग्रे घोस्ट' ही माशी पुढे जगप्रसिद्ध झाली. तळाशी राहणाऱ्या स्कल्पिन माशासारखी दिसणारी 'मडलर मिनो' ही माशी डॉन गेपन यांनी १९३० च्या दशकात कॅनडातील निपिगॉन नदीच्या परिसरात विकसित केली. ब्रुक ट्राउटचा १४ पौंड ८ औंस (सुमारे ६.६ किलोग्रॅम) हा जागतिक विक्रमही याच नदीतला आहे.

माशीच्या गळाचा क्रमांक जितका मोठा, तितका गळ लहान असतो. स्ट्रीमरसाठी साधारण ४ ते १०, अळीसदृश माश्यांसाठी १० ते १४ आणि सूक्ष्म डाससदृश कीटकांच्या अनुकरणासाठी १६ वा त्याहून मोठा क्रमांक वापरतात.

पर्यावरणीय परिणाम आणि नियम

आमिषाच्या निवडीचा परिणाम एका माशापुरता मर्यादित राहत नाही. अनेक दुर्गम सरोवरांत ब्रुक ट्राउट हाच प्रमुख मासा असतो आणि स्पर्धेला तो फारसा तोंड देऊ शकत नाही. बादलीतून आणलेले जिवंत लहान मासे सुटले किंवा उरलेले पाण्यात ओतले, की त्यांतील परके मासे तेथे वाढतात आणि खाद्य बळकावतात. पर्चसारखा मासा एकदा सरोवरात स्थिरावला की त्याला काढून टाकणे जवळपास अशक्य होते. त्यामुळे ऑन्टारियोतील अल्गाँक्विन उद्यानात जिवंत मासे आमिष म्हणून बाळगण्यास मनाई आहे. मेन राज्यात काही सरोवरे केवळ कृत्रिम आमिषांसाठी, तर काही केवळ माशीच्या मासेमारीसाठी राखीव आहेत.

उरलेली गांडुळे किनाऱ्यावर टाकणेही हानिकारक आहे. हिमयुगात बर्फाखाली राहिलेल्या उत्तरेकडील जंगलांत मूळची गांडुळे नाहीत. बाहेरून आलेली गांडुळे जमिनीवरील पालापाचोळ्याचा थर संपवतात. शिशाची लहान वजने गिळल्याने लून हे पाणपक्षी विषबाधा होऊन मरतात. यामुळे न्यू हॅम्पशायर, मेन, व्हरमाँट व न्यू यॉर्क या राज्यांनी शिशाच्या लहान वजनांवर निर्बंध घातले असून त्यांच्याऐवजी कथील किंवा टंगस्टनची वजने वापरली जातात. मासा परत सोडायचा असल्यास काटा नसलेला एकेरी गळ वापरण्याची आणि पाणी २० अंशांहून अधिक तापलेले असताना मासेमारी टाळण्याची शिफारस केली जाते.