कुंडीतल्या गुलाबाची कुळकथा

स्मरणिकेसाठी बागेबद्दल काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. खतं किती घालावीत, पाणी किती घालावं, ही माहिती हल्ली मोबाइलवर ढिगाने मिळते. तेव्हा म्हटलं, आपल्या जवळजवळ प्रत्येक बाल्कनीत जो एक तरी असतो, त्या गुलाबाचा इतिहास सांगावा. रौप्यमहोत्सवानिमित्त प्रवेशद्वाराजवळचा वाफा नव्याने लावायचं घाटत आहे आणि त्यात गुलाब हवेत यावर सर्वांचं एकमत आहे. कोणते हवेत, यावर मात्र नाही. माझं म्हणणं असं, की फोटो बघून गुलाब निवडू नये. लग्न जमवताना आपण जसं कूळ विचारतो तसं गुलाबाचंही कूळ विचारावं. त्याचा प्रत्येक गुण कुठून तरी आलेला आहे, आणि गुणाबरोबर खोडही आलेली आहे.

नाव पाण्याचं, मिळालं फुलाला

'गुलाब' हा शब्द फारसी. 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. म्हणजे मूळ अर्थ गुलाबपाणी! आपण पाण्याचं नाव फुलाला दिलं आणि पाण्यासाठी 'गुलाबपाणी' असा नवा शब्द केला. यावरून एक गोष्ट कळते. हे फूल आपल्याकडे आलं ते मुख्यतः सुवासासाठी. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे, की गुलाबाचं अत्तर नूरजहाँच्या आईने शोधून काढलं. गरम गुलाबपाणी भांड्यात ओतलं की वर तेलाचा बारीक तवंग येतो, तो तिने गोळा करवला. एक किलो तेलासाठी काही हजार किलो फुलं लागतात, यावरून अत्तराची किंमत समजावी.

हा गुलाब म्हणजे दमास्क. राजस्थानात पुष्करकडे आणि उत्तर प्रदेशात कनौजच्या अत्तरभट्ट्यांसाठी त्याची शेती आजही होते. तिकडे त्याला चैती गुलाब म्हणतात, कारण त्याचा मुख्य बहर वसंतातच येतो. वास अप्रतिम, पण बहर संपला की वर्षभर नुसती काटेरी काठी. युरोपातल्या जुन्या गुलाबांचीही थोड्याफार फरकाने हीच गत होती.

चीनची देणगी

मग आपल्या कुंडीतला गुलाब दर दीड-दोन महिन्यांनी कसा फुलतो? हा गुण चीनचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला चिनी बागांतले गुलाब जहाजांनी युरोपात पोचले. दिसायला लहानसे, नाजूक, पण प्रत्येक नव्या फुटव्याच्या टोकाला कळी धरणारे. त्यांतल्या काहींना ताज्या चहाच्या पानांसारखा वास होता, म्हणून त्यांना 'टी रोझ' म्हणू लागले. ही जहाजं कलकत्त्याला थांबत. त्यामुळे रोपं हिंदुस्थानातलीच समजून जुन्या पुस्तकांत चिनी गुलाबांचं नाव 'रोझा इंडिका' असं पडलं. आपल्याला फुकटात श्रेय मिळालं ते असं.

चिनी गुलाब आणि दमास्क यांचा एक संकर माणसाने न ठरवताच झाला. हिंदी महासागरातल्या बोरबाँ बेटावर, म्हणजे आजच्या रियुनियनवर, शेताच्या कुंपणाला दोन्ही जातींची झुडपं लावत. तिथे १८१७ च्या सुमारास एक वेगळंच रोप सापडलं. गर्द गुलाबी रंग, दमास्कचा वास आणि वर्षातून अनेकदा बहर. एदुआर पेरिशों नावाच्या मळेवाल्यावरून त्याला 'रोझ एदुआर' हे नाव मिळालं. त्याचं बी पॅरिसला गेलं आणि तिथे 'बोरबाँ' हे नवं घराणं सुरू झालं. हाच गुलाब भारतातही रुजला. तामिळनाडूत हारांसाठी तो 'एडवर्ड' या नावाने आजही शेतात पिकतो. आपल्याकडे फुलवाल्याकडे 'गावठी' म्हणून जे सुवासिक गुलाबी फूल मिळतं, त्यातलं बरंचसं याच दमास्क-बोरबाँ गोतावळ्यातलं.

पुढे १८६७ साली फ्रान्समधल्या लियों शहराच्या गियो नावाच्या रोपवाटिकाकाराने 'ला फ्रान्स' हा गुलाब आणला. लांब दांडी, टोकदार कळी आणि पुन्हा पुन्हा बहर. 'हायब्रिड टी' या घराण्याची सुरुवात इथून मानतात. गुलाबाचे 'जुने' आणि 'नवे' असे दोन भाग पाडायचे, तर सीमारेषा म्हणून हेच साल धरतात. नर्सरीत आपण 'एका दांडीला एक मोठं फूल' म्हणून मागतो तो हायब्रिड टी, आणि घोसाने येणारा तो फ्लोरिबंडा.

आपण ऑक्टोबरात छाटणी का करतो, याचंही उत्तर इथेच मिळतं. छाटलं की फुटवा येतो, आणि फुटव्यावर फूल धरायचा चिनी स्वभाव रक्तात असतो. सहा-सात आठवड्यांनी, डिसेंबरच्या सुमाराला, बाग भरून जाते. छाटायला हात कचरतो त्यांच्या झाडाला लांबच लांब फांद्या येतात आणि शेंड्याला दोन बारकी फुलं.

रंग आला, रोगही आला

एकोणिसावं शतक संपेपर्यंत मोठ्या फुलांच्या बागेतल्या गुलाबात खरा झगझगीत पिवळा नव्हता. तो रंग होता 'पर्शियन यलो' या इराणकडच्या झुडपात, पण त्याचा संकर जमता जमत नव्हता. लियोंच्याच जोसेफ पेर्ने-दुशे यांनी वर्षानुवर्षं चिकाटी धरली आणि १९०० साली 'सोलेय दोर', म्हणजे सोनेरी सूर्य, बाजारात आणला. आज आपण पिवळे, केशरी, दोन रंगांचे गुलाब पाहतो, त्यांतल्या बहुतेकांचा धागा या झाडापर्यंत जातो. पेर्ने-दुशे यांचे दोन्ही मुलगे पहिल्या महायुद्धात मारले गेले. बापाने नंतर दोन गुलाबांना त्यांची नावं दिली.

पण 'पर्शियन यलो'ने रंगाबरोबर आणखी एक देणं दिलं. त्याची पानं काळ्या ठिपक्यांच्या रोगाला चटकन बळी पडतात, आणि ही खोड पुढच्या पिढ्यांत उतरली. इराणच्या कोरड्या हवेतल्या झाडाला ठिपक्यांची फारशी काळजी नव्हती. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पानं ओलीच असतात. तेव्हा पावसाळ्यात पिवळ्या गुलाबाची पानं गळाली, तर माळ्याला बोल लावण्याआधी ही वंशावळ आठवावी.

नावाजलेला 'पीस' हा गुलाबही याच धाग्यातला. फ्रान्सच्या फ्रान्सिस मेयाँ यांनी तो तयार केला आणि दुसरं महायुद्ध पेटण्याच्या सुमारास त्याच्या काड्या परदेशी रवाना केल्या. त्यातल्या अमेरिकेत पोचल्या आणि वाढल्या. २९ एप्रिल १९४५ रोजी तिथे त्याचं 'पीस' असं नामकरण झालं. संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्थापनेसाठी सॅन फ्रान्सिस्कोला जमलेल्या प्रतिनिधींना त्याचं एकेक फूल भेट दिलं गेलं. खुद्द फ्रान्समध्ये त्याचं नाव आहे 'मादाम मेयाँ'. मुलाने आईचं नाव ठेवलं होतं.

आपल्या मातीतले

भारतात गुलाबाचं काम मोठं केलं ते डॉ. बी. पी. पाल यांनी. मूळचे ते गव्हाचे शास्त्रज्ञ. तांबेऱ्याला तोंड देणाऱ्या गव्हाच्या जाती त्यांनी दिल्या, आणि १९६५ साली भारतीय कृषी संशोधन परिषदेचे ते पहिले महासंचालक झाले. सरकारी जबाबदारी सांभाळून हा माणूस गुलाबांचे संकर करत असे! सुवासिक 'रोझ शरबत', घोसाने फुलणारी 'दिल्ली प्रिन्सेस', पांढरा 'डॉ. होमी भाभा' हे त्यांचेच. 'द रोझ इन इंडिया' हे त्यांचं पुस्तक १९६६ चं. दिल्लीच्या पुसा संस्थेतून 'मोहिनी', 'रक्तगंधा', 'हिमांगिनी' अशा जाती आल्या. 'मोहिनी'चा चॉकलेटी रंग एकदा पाहावाच.

दुसरं नाव कोडाईकनालचे एम. एस. वीरराघवन यांचं. प्रशासकीय सेवा लवकर सोडून त्यांनी गुलाबांना वाहून घेतलं. त्यांचा विचार मला फार पटतो. युरोपातल्या थंडीसाठी केलेले गुलाब आपण उन्हात का कुढवत ठेवायचे? म्हणून त्यांनी आपल्याकडचेच रानगुलाब हाती घेतले. मणिपूरच्या डोंगरातला 'रोझा जायगँशिया' आणि बंगालच्या नदीकाठी पाण्यातही तग धरणारा 'रोझा क्लिनोफिला'. त्यांतून उष्ण हवेला मानवणाऱ्या जाती घडवायच्या, असं त्यांचं काम.

मग वाफ्यात काय लावावं?

वरच्या सगळ्या पुराणातून निघणारे मुद्दे थोडक्यात सांगतो.

तळेगाव-मावळातल्या पॉलिहाउसमधले 'डच' गुलाब बघायला देखणे आणि फुलदाणीत टिकाऊ. परदेशी जातात तेही हेच. पण ते कागदाखालच्या बंदोबस्तात वाढण्यासाठी निवडलेले असतात, आणि वासही बहुतेकांना नाहीच. पुष्पगुच्छातली काडी कुंडीत खोचून बाग होत नाही.

डोळा भरलेलं रोप घेताना जोड मातीच्या वर राहील असं लावावं. जोडाखालून येणारा जोमदार फुटवा खुंटाचा असतो, तो तिथल्या तिथे मोडावा. "पहिल्या वर्षी लाल फुलं आली, आता नुसतंच झाड वाढतंय" अशी तक्रार येते तेव्हा बहुधा कलम मेलेलं आणि खुंट माजलेला असतो.

निदान पाच-सहा तास ऊन हवं. ते नसेल तर गुलाबाचा नाद सोडून मोगऱ्याकडेही वळू नये, त्यालाही ऊनच लागतं.

वाफ्यासाठी माझी सूचना अशी. पुढच्या बाजूला घोसाने फुलणारे फ्लोरिबंडा, कारण एखादं फूल कोणी तोडलं तरी वाफा ओका दिसत नाही. मागे चार-पाच हायब्रिड टी, त्यांत पिवळा एकच. आणि एका कोपऱ्यात गावठी.

तो गावठी विकत आणायची गरज नाही. पंपरूमशेजारी जे झुडूप आहे, ते ताबा मिळाला त्या वर्षी 'बी' विंगमधल्या एका वहिनींनी माहेराहून आणलेल्या काडीचं. आज त्या आपल्यात नाहीत. झुडूप मात्र पंचवीस पावसाळे आणि दोनदा झालेलं पेव्हर ब्लॉकचं काम सोसून उभं आहे. ते डोळा भरलेलं नाही, स्वतःच्या मुळांवर आहे. म्हणून त्याचं कलम मरून खुंट माजण्याचा प्रश्नच येत नाही. त्यावर कोणी औषध मारलेलं मला आठवत नाही. सोसायटीतल्या कितीतरी घरांच्या गौरी-गणपतींना त्याची फुलं वाहिलेली आहेत, आणि दोन-तीन घरांत त्याचा गुलकंदही होतो. नव्या आराखड्यात त्या जागी दुचाकींचं पार्किंग दाखवलं आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो. नर्सरीत पैसे टाकले की 'पीस' केव्हाही मिळेल. या झुडपाला नावही नाही, त्यामुळे एकदा गेलं की मागायचं तरी कोणत्या नावाने?

समितीला विनंती एवढीच, की ऑक्टोबरच्या छाटणीपर्यंत त्याला हात लावू नये. छाटणीतल्या पेन्सिलएवढ्या जाड, वीतभर लांबीच्या काड्या निघतील, त्या मी पिशव्यांत लावून देतो. फुटल्या की एक वाफ्यात आणि बाकीच्या ज्यांना हव्या त्यांच्या घरी. नावं सोसायटीच्या ऑफिसातल्या वहीत लिहून ठेवावीत. ज्यांच्या बाल्कनीत ऊन येतं त्यांनी आधी.