मडके वाजते कशाने?

गंगाखेडच्या बाजारात जुन्या वळणाची बाई माठ घेते, तेव्हा आधी टिचकी मारून पाहते. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर कच्चा. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी पारखली आणि नामदेवांना कच्चे ठरवले, ही कथा तुम्ही कीर्तनात ऐकलीच असेल. आपल्या गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्याच घरची. तिला ते कितपत रुचले असेल, कोण जाणे!

पण ही पारख गोरोबांहूनही फार जुनी. संगमनेरजवळ प्रवरेकाठी जोर्वे येथे 1950-51 साली सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केले. तिथे तांबड्या अंगावर काळी नक्षी असलेली, धातूसारखी वाजणारी भांडी निघाली. ती सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची. प्रवरेचे पाणी गोदावरीला मिळते आणि तेच गंगाखेडच्या घाटावरून जाते.

आव्यात घडते तरी काय? पावसाचे दोन थेंब टेकले की एक होतात, कारण उघडा पृष्ठभाग राखायला ऊर्जा लागते. तो कमी करण्याकडे पदार्थाचा कल. तापलेले कणही तसेच. जिथे टेकतात तिथे सांधा धरतो आणि मधली पोकळी आकसते. मात्र दोन कणांमध्ये शीव उरते, आणि तिलाही ऊर्जा लागते. दोन शेतकरी शेजारी आले तरी बांधाला जागा द्यावीच लागते ना, तसे! म्हणून थोड्या कणांनी वेढलेले छिद्र बुजते. फार कणांनी वेढलेले मोठे छिद्र तसेच राहते. मातीच्या भांड्यात थोडा भाग वितळून काचेसारखा होतो व कणांना चिकटवतो. आव्याची आच बेताची, त्यामुळे बारीक छिद्रे उरतात. त्यांतून पाणी झिरपते, वाऱ्याने उडते, म्हणून तर माठ गार!

याचे गणित मांडले गेले फार उशिरा. 1945 साली रशियात फ्रेंकेलने कण कसे सांधतात ते मांडले. 1949 साली कुचिन्स्कीने तांब्याच्या गोळ्यांवर ते मोजले. मग अमेरिकेत कोबलने ॲल्युमिनाच्या भुकटीत चिमूटभर मॅग्नेशिया घातला. त्याने कणांच्या शिवा धावत सुटत नाहीत, छिद्रे कणांच्या पोटात कोंडली जात नाहीत, आणि भाजलेल्या भुकटीतून उजेड पार होतो. रस्त्यावरच्या पिवळ्या सोडियम दिव्यांची नळी याच मालाची. तापलेल्या सोडियमपुढे काच टिकत नाही, ही टिकली.