पॅरिसचे सहा विद्यार्थी

आमच्या धर्मग्रामात रविवारच्या पहिल्या मिस्सानंतर संत व्हिन्सेंट द पॉल सोसायटीची सभा भरते. सभेला साठीच्या आतले क्वचितच कोणी दिसते. प्रार्थना होते, गरजू कुटुंबांचा विचार होतो आणि शेवटी एक कापडी पिशवी हातोहात फिरते. प्रत्येकजण तिच्यात मूठ घालतो. कोणी किती टाकले हे शेजाऱ्यालाही कळत नाही. "फादर, तरुण मुले इकडे फिरकत नाहीत," ही सभासदांची नेहमीची तक्रार. हे काम निवृत्त मंडळींचे, अशी आपणा सर्वांचीच समजूत होऊन बसली आहे. वस्तुतः ही संस्था स्थापन केली ती विशीच्या आसपासच्या महाविद्यालयीन मित्रांनी. महाविद्यालयात जुळलेली मैत्री आयुष्यभर पुरते काय, आणि पुरते ती कशाच्या बळावर, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या इतिहासात सापडते.

विद्यार्थ्यांनी आपापसांत बंधुमंडळे स्थापण्याची चाल जुनी आहे. अमेरिकेत ५ डिसेंबर १७७६ रोजी विल्यम अँड मेरी महाविद्यालयातील पाच विद्यार्थ्यांनी 'फाय बीटा कॅपा' हे मंडळ काढले. ग्रीक आद्याक्षरांचे नाव, गुप्ततेची शपथ आणि हस्तांदोलनाची ठराविक खूण ही त्याची वैशिष्ट्ये होती. पुढे त्याच धर्तीवर अनेक मंडळे निघाली. त्यांना तेथे 'फ्रॅटर्निटी' म्हणतात. त्यांचे सभासद एका छताखाली राहतात, एकमेकांना भाऊ म्हणतात आणि शिक्षण संपल्यावरही नोकरीधंद्यात परस्परांना हात देतात. याची दुसरी बाजू काळी आहे. दीक्षेच्या नावाखाली नवागतांचा छळ होतो आणि त्यात काही तरुणांना प्राणास मुकावे लागले आहे. परंतु सर्वच मंडळांची गोष्ट अशी नाही. १९०६ साली कॉर्नेल विद्यापीठात सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी 'अल्फा फाय अल्फा' स्थापन केले, ते वर्णभेदाच्या वातावरणात एकमेकांना आधार देण्यासाठी. मार्टिन ल्यूथर किंग बोस्टनमध्ये शिकत असताना या मंडळाचे सभासद झाले. वॉशिंग्टनमध्ये २०११ साली त्यांचे जे स्मारक उभे राहिले, त्यासाठी पुढाकार घेतला तो याच बंधूंनी. तेव्हा बंधुमंडळाचे तोंड आत वळलेले आहे की बाहेर, यावर सारे अवलंबून असते. हाच प्रश्न पॅरिसच्या विद्यार्थ्यांपुढे १८३४ साली उभा राहिला होता.

फ्रेदेरिक ओझानाम १८३१ साली कायद्याच्या अभ्यासासाठी लिऑंहून पॅरिसला आला. नवख्या शहरात त्याला एकटेपणा जाणवला. विजेच्या प्रवाहाचे एकक ज्यांच्या नावाने आपली मुले शाळेत शिकतात, त्या वैज्ञानिक आम्पेर यांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले. त्या काळी विद्यापीठात श्रद्धेची थट्टा करणे ही प्रतिष्ठेची गोष्ट समजली जाई. एमान्युएल बायी नावाचे वयाने वडील असलेले पत्रकार विद्यार्थ्यांसाठी एक चर्चामंडळ चालवीत. तेथे इतिहासावर वाद झडत, आणि चर्चची बाजू ओझानाम व त्याचे मित्र हिरीरीने मांडीत. एकदा प्रतिपक्षाच्या एका तरुणाने विचारले, की तुमच्या चर्चने पूर्वी पुष्कळ केले असेल, पण तुम्ही स्वतः आज काय करीत आहात?

प्रश्न जिव्हारी लागला. आदल्याच वर्षी, १८३२ साली, पॅरिसमध्ये पटकीच्या साथीने १८ हजारांहून अधिक बळी घेतले होते. मजुरांच्या वस्त्यांत विधवा आणि अनाथ मुले उघडी पडली होती. वादविवाद पुरे झाले, आता काही सत्कार्य करू या, असा सूर मित्रांत निघाला. २३ एप्रिल १८३३ रोजी, ओझानामच्या विसाव्या वाढदिवशी, बायी यांच्या वृत्तपत्राच्या कचेरीत पहिली सभा भरली. ओझानामबरोबर ल तायांदिए, लामाश, लालिए, दव्हो आणि क्लाव्हे हे पाच विद्यार्थी होते. अध्यक्षस्थान बायी यांना देण्यात आले. गरिबांकडे जायचे कसे हे या मुलांना ठाऊक नव्हते. ते त्यांना शिकविले मुफ्तार भागात सेवा करणाऱ्या सिस्टर रोझाली राँद्यू यांनी. त्यांनी मुलांच्या हाती कुटुंबांचे पत्ते दिले आणि भाकरीच्या चिठ्ठ्याही दिल्या.

सुरुवातीस काही सभासदांना नवीन माणूस नकोसा वाटे. आपण मोजके जिवलग आहोत, संख्या वाढली तर आपलेपणा आटेल, अशी त्यांची भीती होती. ही भीती खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. सेमिनरीतील आमची तुकडी आठवली की आम्हांलाही ती समजते. तरीही दार उघडले गेले, आणि १८३४ अखेर सभासद शंभरावर गेले. एका खोलीत मावणे अशक्य झाले, तेव्हा मंडळाचे विभाजन करावे असे ओझानामने सुचविले. डिसेंबरभर वाद चालला. ज्यांनी एकत्र जिने चढून गरिबांची दारे ठोठावली होती, त्यांना वेगळे होणे म्हणजे घर फुटल्यासारखे वाटले. अखेर १८३५ च्या आरंभी धर्मग्रामांनुसार दोन शाखा झाल्या. त्याच वर्षी नियमावलीही तयार झाली. तिची कलमे लालिए याने लिहिली होती.

वरवर पाहता मित्रमंडळ फुटले. प्रत्यक्षात मात्र त्या दिवशी त्याला दीर्घायुष्य लाभले. ही मुले शिक्षण संपवून आपापल्या गावी परतली, तेव्हा केवळ आठवणी घेऊन गेली नाहीत. कामही बरोबर घेऊन गेली. नीम शहरात आणि लिऑंमध्ये शाखा निघाल्या. १८४४ साली डब्लिनला आणि १८४५ साली अमेरिकेतील सेंट लुईसला काम पोहोचले. आज सुमारे १५० देशांत ही संस्था आहे, आणि आमच्या सभेतली ती कापडी पिशवी याच परंपरेतली आहे.

मित्रांचे पुढे काय झाले? लालिए न्यायाधीश झाला, लामाश कायद्याचा प्राध्यापक, दव्हो डॉक्टर. ओझानाम सॉर्बोन विद्यापीठात साहित्याचा अध्यापक झाला. अंतर वाढले, संसार मागे लागले, पण पत्रे थांबली नाहीत. लालिए याला ओझानामने लिहिलेली पत्रे त्याच्या चरित्रकारांना आजही उपयोगी पडतात. ८ सप्टेंबर १८५३ रोजी, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, ओझानाम मार्सेय येथे निवर्तला. त्याचे ग्रंथ एकत्र करून प्रसिद्ध करण्याचे काम मित्रांनी अंगावर घेतले. त्यांत पुढाकार होता, ज्या घरात तो विद्यार्थी म्हणून राहिला होता त्या घरच्या मुलाचा, म्हणजे झाँ-झाक आम्पेर याचा. २२ ऑगस्ट १९९७ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी पॅरिसमध्ये ओझानाम यांना धन्य घोषित केले, तेव्हा जागतिक युवा दिनानिमित्त देशोदेशीचे तरुण त्या शहरात जमले होते.

हे लिहिताना आम्हांला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी महाविद्यालयात जाणारी चार मुले आमच्याकडे आली होती. सोसायटीच्या सभासदांबरोबर आजाऱ्यांच्या घरी जाण्याची त्यांची इच्छा होती. "आधी परीक्षा द्या, पायावर उभे राहा, मग या," असे आम्ही त्यांना सांगितले. आम्हांला ते शहाणपणाचे वाटले. मुले पायावर उभी राहिली. दोघे आखाती देशांत आहेत, एक कॅनडात, एक येथेच. सणाला चौघे भेटतात, जुन्या क्रिकेट सामन्यांच्या गप्पा मारतात. त्यांची मैत्री टिकली याचा आम्हांला आनंद आहे. पण ती पुन्हा आमच्या दाराशी आली नाहीत. सिस्टर रोझालींच्या दाराशीही अशीच मुले आली होती, आणि त्यांनी मुलांच्या हाती पत्ते ठेवले होते.

तेव्हा तरुण येत नाहीत ही तक्रार यापुढे आम्ही जरा जपून करू. सोसायटीच्या ज्येष्ठ सभासदांशी बोलून सभेची वेळ रविवारी सायंकाळची ठरविली आहे, कारण सकाळी मुलांचे क्लास असतात. दोन कुटुंबांचे पत्ते कागदावर लिहून ठेवले आहेत. ज्या मुलांना ते हवे असतील त्यांनी धर्मगुरुनिवासाची घंटा वाजवावी. परीक्षा कधी आहे, हे आम्ही विचारणार नाही.